पुणे आत येऊ पाहतंय

विनूताई माझ्याशी हिंदीत बोलल्या, त्या दिवशी मला कळलं की आता काही खरं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? आम्ही उज्जैनचे मराठी लोक दिवसभर हिंदीतच असतो. भाजीवाल्याशी हिंदी, टेम्पोवाल्याशी हिंदी, आणि भांडण रंगात आलं की घरातसुद्धा हिंदी. पण दोन मराठी माणसं एका खोलीत उरली, तिसरं कुणी नसलं, की आपोआप मराठीत येतात. हा नियम कुणी केला नाही, तरी सगळे पाळतात. अशा वेळी एकानं दुसऱ्याला "श्रीकांतजी, आप" म्हटलं तर तो मान नसतो. मधे पडदा ओढलेला असतो.

विनूताई म्हणजे विनोदिनीबाई, आमच्या फ्रीगंजच्या ऑफिसच्या प्रमुख. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात लिहिणारे, म्हणून ताईंना स्वतःच्या अक्षराचा आणि शब्दांचा फार अभिमान. माझे वडील रेल्वेतले, भुसावळहून बदलीनं आलेले. त्यामुळे माझा जन्म इथला असूनही ताईंच्या लेखी मी "आलेला". हे त्या थट्टेनं म्हणायच्या, आणि मीही हसून घ्यायचो. मी पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाइकं, आणि माल सांभाळायचो, त्या बाकी सगळं. आमची टेबलं समोरासमोर, डबा एकत्र. खालच्या दुकानातून कचोरीचा वास यायला लागला की ताई म्हणायच्या, "जा रे, दोन घेऊन ये. वजन उद्यापासून कमी करू." अशी किती वर्षं गेली ते मोजलं नाही.

कंपनी पुण्याची, शेतीचे पंप बनवणारी. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला? थोरले मालक होते तोवर पुण्याहून महिन्याला एखादं पत्र यायचं आणि दिवाळीला मिठाईचा डबा. मग त्यांचे पुतणे विक्रांत साहेब मॅनेजमेंट शिकून आले आणि खुर्चीत बसले. पुढच्या वर्षी सिंहस्थ होता. अख्खं शहर खणून ठेवलेलं, टेलिफोनच्या तारा आज जोडल्या तर उद्या फावड्यानं तुटायच्या. नेमका तोच मुहूर्त धरून साहेबांनी ठरवलं की उज्जैनचा कॉम्प्युटर पुण्यात दिसला पाहिजे.

त्यासाठी मंदार नावाचा इंजिनिअर आला. मुलगा चांगला होता, चपला बाहेर काढून आत आला, तिथंच ताईंच्या मनात भरला. त्यानं समजावलं, "मावशी, तुमचा हा पडदा जसाच्या तसा पुण्याला दिसेल. तिथून माउस हलवला की इथला बाण हलेल. बिलाचा प्रोग्राम अडकला तर तिथूनच सोडवू."

"म्हणजे पुण्यात बसून माझ्या टेबलावर हात घालणार," ताई म्हणाल्या.

"तसं नाही हो."

"तसंच आहे. मला सगळं समजतं."

लाइन आमची मरतुकडी, म्हणून मंदारनं पुण्याला जाणारं चित्र लहान ठेवलं आणि रंग कमी केले. ताईंच्या पडद्यावर मागं महाकालाच्या शिखराचा फोटो होता. पुणे जोडलेलं असेल तेवढा वेळ तो फोटो आपोआप जाईल आणि मागं नुसतं काळं राहील, असंही त्यानं करून ठेवलं, कारण शिखराचा भार तारेला झेपत नव्हता. मग स्वतःच्या लॅपटॉपवर त्यानं पुण्याला काय दिसेल ते दाखवलं. ठळक मोठी अक्षरं नीट वाचता येत होती. बारीक मजकूर म्हणजे सांडलेली मोहरी. बिलाचे चौकोन ओळखू आले की पुरे, असं तो म्हणाला.

शेवटी आत येण्याचा प्रश्न आला. पुण्याचं नाव आणि पासवर्ड घातला की सरळ आत, किंवा आधी इथल्या माणसाला विचारून, असे दोन पर्याय होते. मंदारचा हात पहिल्याकडे गेला. ताईंनी तो धरला.

"विचारून," त्या म्हणाल्या. "घरचा जावई आला तरी कडी वाजवतो."

मंदारनं दुसऱ्या चौकोनात खूण केली. त्यानंतर पुण्याला यायचं असलं की पडद्यावर पाटी उमटायची, पुणे आत येऊ पाहतंय, येऊ द्यायचं का? ताई मुद्दाम चष्मा पुसायच्या, पाणी प्यायच्या, मग "हो" दाबायच्या. आयुष्यात पहिल्यांदा पुणं उज्जैनला विचारत होतं. त्यांना त्याचा इतका आनंद व्हायचा की मलाही बघायला बोलवायच्या.

पावसाळा सरला आणि पाट्या येणं बंद झालं. प्रोग्राम नीट चालतोय, म्हणून पुण्याला यावं लागत नाही, असं आम्ही धरून चाललो. आणि मग एक दिवस विक्रांत साहेबांचा फोन आला. ताई बोलत होत्या, बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. फोन ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

झालं असं होतं. सुटे भाग वेळेवर येत नव्हते म्हणून ताईंनी पुण्याला कॉम्प्युटरवर पत्र लिहायला घेतलं होतं. विषयाच्या जागी मोठ्या अक्षरात लिहिलं, "पुण्यात झोपा काढता काय?" मला वाचून दाखवलं, आम्ही दोघं पोट धरून हसलो, मग त्यांनी ते खोडलं आणि सभ्य विषय घातला. पत्र सभ्यच गेलं. आणि साहेब फोनवर म्हणाले होते, "ताई, आम्ही काही झोपा काढत नाही बरं का."

खोडलेली ओळ ऐकणारा माणूस जगात एकच होता. मी.

"तू कुणाशी बोललास?" असं त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. दोघांना दिसेल असा तिरका असायचा तो मॉनिटर दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मागच्या भिंतीकडे फिरवला. डब्याच्या वेळी म्हणाल्या, "मला भूक नाही," आणि मी हात धुवायला गेलो तेव्हा एकट्या जेवल्या. आणखी दोनतीनदा असंच झालं. कुठल्याशा पार्टीचं कोटेशन अजून पाठवलंही नव्हतं, त्यावर साहेबांनी मत दिलं. दुपारी त्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा खेळ मांडायच्या, तर साहेबांनी फोनवर चौकटच्या राणीचा विनोद केला. प्रत्येक फोनगणिक ताई मला जास्तच पाण्यात पाहायला लागल्या. आणि मग एका सकाळी, मी चाबी मागितली तर, "श्रीकांतजी, आप गोदाम की चाबी मुझसे पूछकर लिया कीजिए."

मागितलीच तर होती! मला असा राग आला की जिन्यात येऊन उभा राहिलो. राग आला की माणूस न्याय करत नाही. मीही केला नाही. मला वाटायला लागलं, बाईंचंच काहीतरी चाललंय. नाहीतर मॉनिटर कशाला फिरवायचा? त्यांच्या मागच्या कपाटाला काच होती, तिच्यात पडदा थोडाफार दिसायचा. जेवणानंतर कधीकधी त्यातलं शिखर नाहीसं व्हायचं आणि काळं दिसायचं. मी ठरवून टाकलं की मी बघतोय हे ओळखून त्या काहीतरी झाकतात. मला इथून उठवून दुसरा कुणी बसवायचा बेत असणार, त्याची पत्रं चालली असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आमच्या खोलीत चोर नव्हता आणि चांदणं मात्र दोघांच्या मनात लख्ख पडलं होतं.

ताईंचा घरचा एक जुना दावा होता. माधव नगरच्या जागेवरून त्या आणि धाकटा भाऊ विष्णू कोर्टात गेले होते. बहीणभाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि मधे त्यांची आई, माई, दोन्ही घरांत आळीपाळीनं राहून दोघांना खोटे निरोप द्यायची. "विष्णूनं तुझी तब्येत विचारलीय." विष्णूनं काही विचारलेलं नसायचं. त्या काळात मला माई नानाखेड्याला बसस्टँडवर भेटल्या, माझा हात धरून रडल्या आणि म्हणाल्या, "श्रीकांत, राजीनामा होऊन राहिलाय रे दोघांचा. विनूच लिहून देणार आहे." मला बरं वाटलं. ताईंनी मला सांगितलं नाही याचं वाईटही वाटलं.

त्याच आठवड्यात ताई वकिलाकडे गेल्या असताना विक्रांत साहेबांचा फोन आला. मी घेतला.

"श्रीकांतराव, विनोदिनीबाईंच्या राजीनाम्याचं तुम्हाला ठाऊक असेलच."

मी म्हणालो, "हो साहेब, त्यांच्या आई बोलल्या." मनात म्हटलं, बघा, घरचं पुण्याला सांगतात आणि मला नाही.

"तुम्हाला काय वाटतं?"

"चांगलं झालं साहेब. किती वर्षं चाललं होतं. जीव विटला होता त्यांचा. सुटल्या एकदाच्या."

 "एवढं होतं? बरं. मग आता जागा तुम्ही सांभाळाल ना?"

"मी कशाला सांभाळू? जागा विष्णू सांभाळेल."

"विष्णू कोण?"

"त्यांचा भाऊ. तसंच ठरलंय त्यांच्यात."

"तसं ठरलंय? ते ठरवणाऱ्या त्या कोण?" असं म्हणून साहेबांनी फोन आपटला. मला वाटलं, खणणाऱ्यांनी पुन्हा तार तोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फॅक्स आला. ताईंनीच कागद ओढून घेतला, वाचला आणि खुर्चीत बसल्या. मग माझ्याकडे सरकवला. आपला राजीनामा तात्काळ स्वीकारण्यात येत आहे. आपले बंधू विष्णू यांना परस्पर आपल्या जागी बसवण्याचा प्रकार कंपनी खपवून घेणार नाही. सर्व कारभार श्रीकांत यांच्याकडे सोपवावा.

ताईंचे यजमान गेलेले, मूलबाळ नाही. कोर्टात जागेवरचा हक्क त्या आपणहून सोडायला निघाल्या होत्या, ते या नोकरीच्या भरवशावर. भाऊ हवा होता, जागा नको होती. आता हातात नोकरीही राहणार नव्हती.

"अच्छा किया आपने," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्याचीच भीती वाटली. "कुर्सी चाहिए थी, मुझसे मांग लेते. मेरे भाई का नाम वहाँ तक पहुँचाया?"

"ताई, विष्णूचं नाव मी घेतलं. पण साहेबांनी विचारलं म्हणून."

"देखो, खुद ही बोल रहे हैं."

"मराठीत बोला!" मी ओरडलो. खालून कचोरीवाल्यानंही वर बघितलं असेल. "शिव्या द्यायच्या तर मराठीत द्या. मी काही केलेलं नाही!"

त्या रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, यजमान गेले तेव्हासुद्धा नाही. मी फॅक्स उचलला आणि पुन्हा वाचला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. राजीनामा स्वीकारण्यात येत आहे. स्वीकारायला तो यांना दिला कुणी? बहीणभावाच्या राजीनाम्यात पुणं कुठून आलं?

आणि मग डोक्यात उजेड पडला. आमच्या घरी पुण्याहून मासिक यायचं. त्यात मंत्री राजीनामे देतात.

"ताई, इथं कुणी म्हटलं की दोघांचा राजीनामा झाला, तर तुम्ही काय समजता?"

"समेट झाला. आणखी काय समजायचं?"

"आणि नोकरी सोडली तर?"

"इस्तीफा." त्यांनी नाक पुसलं. "मधेच शाळा काय घेतोस?"

"पुण्यात इस्तीफ्याला राजीनामा म्हणतात."

ताई शब्दांच्या घराण्यातल्या, त्यांना जास्त सांगायला लागलं नाही. तरी मी सांगितलं, कारण मला सांगायचंच होतं. "मी चुगली केली असती तर काय सांगितलं असतं? की ताईंचा भावाशी समेट झाला. ते ऐकून कुणी नोकरीवरून काढतं? मी सांगितलं असतं तर हा घोटाळा झालाच नसता. साहेबांना हा शब्द कुणी सांगितलेला नाही. त्यांनी तो वाचलाय. तुम्ही तो कुठं लिहिलात?"

"इथंच. परवा, जेवणानंतर. वर मोठ्या अक्षरात राजीनामा, खाली माझं नाव, मग बारीक मजकूर." त्यांनी पडद्याकडे बघितलं. "बारीक मजकूर तिकडे दिसत नाही."

"जेवणानंतर तुमचं शिखर का जातं?"

"मला वाटायचं, मशीन जुनं झालं. तुला कसं माहीत शिखर जातं?"

त्याचं उत्तर देण्यात अर्थ नव्हता. मी माझी खुर्ची त्यांच्या बाजूला नेली आणि आम्ही मंदारनं दाखवलेली खिडकी उघडली. विचारून आत, या चौकोनातली खूण गेली होती. पुणे एकदा आमच्याच परवानगीनं आत आलं होतं आणि जाताना आतून कडी काढून ठेवून गेलं होतं.

मी खूण परत करायला गेलो. ताईंनी माझा हात धरला. "थांब. येऊ दे त्याला."

आम्ही बसलो.  त्यांनी एक कोरा कागद उघडला आणि सर्वांत मोठी अक्षरं निवडली. दुपारची कचोरी तळायला पडली तेवढ्यात शिखर गेलं. मागं सगळं काळं. बाण हलत नव्हता, कुणी काही करत नव्हतं, फक्त बघत होतं.  इतके महिने त्या नजरेखाली आम्ही जेवत होतो आणि एकमेकांना चोर समजत होतो.

ताईंनी संथपणे टाइप केलं, "विक्रांत साहेब, कडी वाजवावी."

क्षणात शिखर परत आलं. इतक्या घाईनं पळालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग ताईंनीच फोन लावला. मी त्यांची बाजू ऐकली, तेवढी पुरे होती. "साहेब, तो राजीनामा माझा आणि माझ्या भावाचा आहे, कोर्टातला. तुमच्याकडे तो आला कसा?... नाही, श्रीकांतनं पाठवलेला नाही, तुम्हीच आधी त्याला विचारलंत... मंदारनं? मग मंदारनं कुठं वाचला?... बरं, गैरसमज. गैरसमज झाला असं लिहून पाठवा. पहिला फॅक्स मी फाडणार नाही, दुसरा आला की दोन्ही एकत्र ठेवीन." संध्याकाळ व्हायच्या आत दुसरा फॅक्स आला. त्यात खेद होता, कशाबद्दल ते लिहिलं नव्हतं.

ताईंनी चौकोनात खूण केली, नवा पासवर्ड घातला, मॉनिटर भिंतीपासून सोडवून खोलीकडे वळवला आणि दोन कचोऱ्या मागवल्या. जिंकलेल्या माणसासारख्या खुलल्या होत्या. विक्रांत साहेबांच्या आवाजाची नक्कल करून दाखवली. मी हसलो. हसू खरंच आलं.

मग माझ्या पुढ्यात द्रोण ठेवत त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं रे. तू असलं काही करणार नाहीस, हे मला आतून माहीत होतं."

मी मान हलवली असती तर सगळं पहिल्यासारखं झालं असतं. त्यांना तेच हवं होतं, आणि मलाही. पण तोंडून निघून गेलं.

"नाही ताई. तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही तुमचं माहीत नव्हतं. राजीनामा हा शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाचा असता, तर आज मी चोरच राहिलो असतो."

 कचोरी दोघांनीही संपवली, पण त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी फार जपून बोलतो.